साडेदहाची भरती

आज रविवार. आजोबा मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बुधवारी सकाळी साडेदहाला आपण त्यांना घरून नेलं. पावणेबाराला माती दिली. गुरुवार ते शनिवार लोक भेटायला येत होते. आज उपासना झाली आणि आता ही सभा आहे.

पाळक साहेब, मंडळीतले लहान-थोर, कोळीवाड्यातून आणि बौद्धवाडीतून आलेल्या काका-मावश्या, आणि आजोबांच्या पलटणीतले दोन आजोबा, जे साताऱ्याहून गाडी बदलत बदलत आलेत. सर्वांना माझा सलाम.

मी रूथ. हवालदार शमुवेल साळवे यांची नात. न्हावा शेव्याला एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघते. कागद बोलत नाहीत, म्हणून ते काम मला जमतं. शाळेतही मी कधी भाषण केलं नाही. खरं तर आज मोठे काका बोलणार होते. काल म्हणाले, "मंगळवारी सगळ्यांसमोर तोंड वर करून बोललीस ना? मग रविवारीही तूच बोल." त्यांना अजून थोडा राग आहे, असं मला वाटतं. म्हणून उभी आहे. लिहून आणलंय. अडखळले तर सांभाळून घ्या.

जे बाहेरून आलेत त्यांच्यासाठी आधी गाव सांगते. आपली ख्रिस्ती लोकांची इथे अकरा घरं. घरं आणि हे चर्च खाडीच्या अलीकडे. आपली दफनभूमी पलीकडे, सुरूच्या बनाजवळच्या उंचवट्यावर. ओहोटीला खाडीत घोटाभर पाणी असतं, मुलं चालत पलीकडे जातात. भरतीला तिथे उभा माणूस बुडतो. वळसा घालून जायचं तर अडीच तास, आणि सगळी वाट चिखलाची.

त्यामुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. घरात माणूस गेलं की पहिला प्रश्न, ओहोटी कधी? मग पाळकांना निरोप, मग पेटी, मग नातेवाईक. आधी ओहोटी. आणि ओहोटी धरून निघालं की सगळी घाई. प्रार्थना आखूड. गायनाचं एकच कडवं. कबरीपाशी उभी असलेली माणसं मान वळवून पाणी बघतायत. आपण आपल्या माणसांना असं पोचवत आलो. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण सगळ्यांचं तसंच झालं होतं.

आजोबांना वाटलं.

ते बावीस वर्षं सैन्यात होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. कायमचे घरी आले त्याच पावसाळ्यात त्यांची आई, म्हणजे माझी पणजी, गेली. त्या दिवशी पाळकांची एसटी वाटेत अडकली. प्रार्थना उशिरा सुरू झाली, निघायला उशीर झाला. पेटी खाडीच्या मध्यावर पोचली तेव्हा पाणी फिरलं होतं. सहा जणांनी पेटी धरली होती. आजोबा पुढे, उजव्या हाताला. पाणी कमरेला आलं. मग छातीला. मग एका लाटेला पेटी हातातून सुटली आणि तरंगायला लागली.

हे मला आजोबांनी कधीच सांगितलं नाही. हे सांगितलं गणूकाकांनी. गणूकाका, म्हणजे गणपत तांडेल, ते तिथे मागे खांबाला टेकून बसलेत. खुर्ची दिली तर घेत नाहीत. ते तेव्हा तरुण होते. होडीतून त्यांनी उडी टाकली आणि पोहत येऊन पेटीची एक बाजू धरली. पलीकडे गेल्यावर आजोबा ओल्या कपड्यांत वाळूवर बसले आणि त्यांना म्हणाले, "गणू, मी बांधलेल्या पुलांवरून रणगाडे गेले. आणि माझ्या आईला मी तरंगत आणली."

पाऊस संपला तशी आजोबांनी साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, बांधायला घेतला.

नारळाची पडलेली खोडं, पोफळीचे वासे आणि काथ्या. सैन्यातून आणलेलं सामान म्हणाल तर फक्त डोकं. रोज ओहोटीला दोन तास काम. हाताखाली गणूकाका, बौद्धवाडीतले दोघे-तिघे, कधी नारळ-पोफळीच्या वाडीवाल्यांचे गडी. काम सुरू करण्याआधी आजोबा टोपी काढून प्रार्थना करायचे. प्रार्थना लांबली की गणूकाका मागून म्हणायचे, "हवालदार, देवाला घाई न्हाय, पन पान्याला हाय." आजोबा डोळे न उघडता म्हणायचे, "गणू, तुझ्यासाठीच चाललीय. म्हणून वेळ लागतोय."

तो साकव पुढच्या जुलैत वाहून गेला.

त्यांनी पुन्हा बांधला. पुन्हा गेला. मंडळी, असा त्यांनी एकोणीस वेळा साकव बांधला. एकोणीस. नाक्यावर चहा पिताना लोक विचारायचे, "काय हवालदार, यंदाचा किती महिन्यांचा?" ते म्हणायचे, "तुझ्या दातांपेक्षा जास्त टिकेल." विचारणाऱ्याचे दात खरंच पडत आलेले असायचे. मग सगळे हसायचे, आणि त्यांतलेच दोघे संध्याकाळी खोडं ओढायला यायचे.

मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, दरवर्षी वाहून जातो तर बांधता कशाला? ते म्हणाले, "दिवाळी ते जून जे मरतील, ते तरी कोरडे जातील." त्यांना ते उत्तर पुरेसं वाटत होतं. मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

सोबत अर्जही चालू होते. दर वर्षी एक अर्ज, तालुक्याला, पक्का साकव मिळावा म्हणून. एकदा एक साहेब पाहणीला आले. ते आले नेमके ओहोटीला. बूट काढून खाडी चालत गेले, चालत परत आले आणि विचारलं, "पाणी कुठे आहे? घोटे भिजले फक्त. पूल कशाला पाहिजे?" आणि तसं लिहूनही गेले.

त्यानंतर काही वर्षं अर्जाला उत्तरच आलं नाही. मग दुसरे साहेब आले. तेही ओहोटीलाच. ऑफिसच्या वेळेला आमच्या खाडीचं भान कसं असणार? पण या वेळी आजोबांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "साहेब, पलीकडे आमचं कबरस्थान आहे. आधी ते बघून घ्या. वेळ आहे ना?" साहेब म्हणाले, "आहे."

आजोबांनी त्यांना पलीकडे नेलं आणि एकेक कबर दाखवायला सुरुवात केली. हा माणूस कोण, काय करायचा, कसा गेला. ही बाई कुठून लग्न होऊन आली, तिचा आवाज कसा होता. साहेबही चांगले होते, ऐकत राहिले. सगळ्यात शेवटी पणजीची कबर. तिथे आजोबांनी आईसाठी प्रार्थना केली. मग साहेबांच्या आईची चौकशी केली आणि तिच्यासाठीही केली. साहेबांनी डोळे उघडून मागे पाहिलं, तर खाडी भरलेली.

साहेब ओरडले म्हणे, "आता मी जायचं कसं?"

आजोबा म्हणाले, "तेच अर्जात लिहिलंय, साहेब."

साहेब संध्याकाळपर्यंत तिथे होते. होडी का मागवली नाही, असं तुम्ही विचाराल. होडी गणूकाकांची, आणि गणूकाकांना त्या दिवशी अचानक जाळं विणायची फार घाई होती. आजोबांनी पिशवीतून भाकरी काढली, सुक्या बोंबलाची चटणी काढली, थर्मास काढला. दोन कप काढले. दोन कप बघितल्यावर साहेबांच्या लक्षात आलं आणि ते हसायला लागले. त्याच वर्षी साकव मंजूर झाला.

पण आजोबा आजोबा होते. पुढच्या रविवारी त्यांनी उपासनेआधी तेव्हाच्या पाळकांना गाठलं. म्हणाले, "मी खोटं बोललो नाही. पण गप्प राहून एका माणसाला अडकवलं. हे माझ्या नावावर आहे." पाळकांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" आजोबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "होत नाही, हीच अडचण आहे."

त्या साहेबांसाठी ते रोज नाव घेऊन प्रार्थना करायचे. शेवटपर्यंत. मी ऐकलंय.

पक्का साकव झाला. सिमेंटचा, उंच, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. चार वर्षं झाली असतील, पाच असतील, त्या मोठ्या वादळात वाडीवाल्यांच्या पोफळी आडव्या झाल्या, या चर्चचे पत्रे उडाले. साकव उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा काठी टेकत गेले, त्यांनी प्रत्येक खांबाला हात लावून बघितला आणि घरी येऊन म्हणाले, "चहा टाका." घराचे पत्रे उडालेले होते आणि चूल भिजलेली होती. पण खुश होते.

एकच गोष्ट त्यांना लागली होती. ती आता सांगते. मंगळवारचं सगळं त्याच्यावरच आहे.

साकव झाला, पण आपली सवय गेली नाही. त्यानंतरही आपल्याकडे कुणी गेलं की आपण ओहोटीच बघत राहिलो. पेटी साकवावरून, कोरडी, सहा फूट वरून जायची, आणि तरी वेळ मात्र ओहोटीची. माझी आजी गेली तेव्हाही तसंच झालं. कुणीतरी ओहोटीची वेळ काढली, चर्चच्या फलकावर ओहोटीचा रकाना आहे त्यात लिहिली, आणि कुणाच्या मनात आलं नाही की आता हे कशाला? आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. बायको गेलेली, काय बोलणार? पण परत येताना मी त्यांचा हात धरला होता. साकवाच्या मध्यावर ते थांबले. खाली नुसता चिखल आणि त्यात खेकडे. ते म्हणाले, "रूथ, पूल झाला, पण माणसं अजून चिखलातूनच चालतायत." मग म्हणाले, "माझ्या वेळी भर भरतीला न्या. हे तुला सांगतोय. काकाला नको, तो रडेल आणि विसरेल."

मी हो म्हटलं.

आणि मंगळवारी मी विसरले.

आजोबा गेले. डॉक्टर येऊन गेले. सगळे मला विचारायला लागले, कधी न्यायचं? मी फोनवर भरती-ओहोटीचा तक्ता उघडला आणि बोट सरळ ओहोटीवर गेलं. बुधवार, दुपारी साडेचार. मी तसा मेसेज सगळ्यांना टाकला. पाळक साहेबांनी फलकावर लिहिलं. मंडळीतल्या एकानेही विचारलं नाही. मोठे काका नगरहून सगळ्यांना घेऊन निघायच्या तयारीत होते. सोबत आजोबांचे धाकटे भाऊ, वय वर्षं पंच्याऐंशी. साडेचार म्हणजे त्यांना सोयीचं होतं.

तासाभराने गणूकाका अंगणात आले. चप्पल न काढता दारातूनच विचारलं,

"रूथ, ही येल कुनी काढली?"

"मी, काका."

"साडेचारला तर पक्की सुकती हाय."

"हो ना. ओहोटी आहे म्हणूनच."

ते एक पाऊल आत आले. मग म्हणाले, "आनि साकव काय म्हावरं सुकवाया बांधलाय?"

मंडळी, मी तुम्हाला सांगू शकत नाही की मला तेव्हा काय झालं. एवढ्या आयुष्यात माझ्या आजोबांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. एक. आणि ती माझ्या हातूनच बुडत होती, तीही फलकावर लिहून.

भरती होती सकाळी साडेदहाला. किंवा मग रात्री. मी काकांना फोन लावला. सगळे बसले होते, म्हणून स्पीकरवर. काका म्हणाले, "साडेदहा? अगं, वेडी आहेस का? नगरहून इथे साडेदहाच्या आत कसे पोचणार? भावाने भावाचं तोंड बघायचं नाही? भरती-ओहोटी काय घेऊन बसलीस?" घरात बसलेले सगळे मान हलवत होते. काकांचं चूक नव्हतं. तुमचं आजही चूक नाही, काका.

मी कधी मोठ्यांना उलट बोललेले नाही. ऑफिसातही नाही. पण मी म्हटलं, "काका, ओहोटीला आपण आजीला नेलं. आजोबांना मी तसं नेऊ देणार नाही, भरतीला न्या असं त्यांनीच मला सांगितलंय. साडेदहाला निघणार." माझा आवाज जरा मोठा झाला. मग फोनवर दुसराच आवाज आला. धाकटे आजोबा. ते म्हणाले, "दादाने सांगितलंय ना? मग आम्ही पहाटेच निघतो. आमच्यासाठी पेटी अडवू नका."

ते पहाटे निघाले. आणि माणगावच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली.

बुधवारी काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलंय. तरी मला ते सांगू द्या. मला ते पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतंय, आणि मला असं कधी वाटत नाही.

साडेदहाला आपण निघालो. खाडी काठोकाठ भरली होती. एवढं पाणी की साकवाच्या खालून आवाज येत होता. आणि त्या पाण्यात कोळीवाड्यातल्या होड्या. ओहोटीला तिथे होडी येऊच शकत नाही. भरतीला येते. साकवाच्या दोन्ही बाजूंना होड्या उभ्या, आणि प्रत्येक होडीत माणसं टोप्या काढून उभी. गणूकाका, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांत पुढच्या होडीत तुम्हीच होतात आणि तुमची होडी हलत होती, तुम्ही नाही.

पेटी साकवाच्या मध्यावर आली आणि माझा फोन वाजला. काका. "पोचलो. चर्चपाशी आहोत. तुम्ही कुठे आहात?" मी म्हटलं, "साकवाच्या मध्यावर." काका म्हणाले, "मग झालं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी खांदेकऱ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "थांबा."

ते थांबले. पाळक साहेबांनी विचारलं, "इथे?" मी म्हटलं, "हो, इथे."

तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? खाडीच्या मध्यावर, भर भरतीला, आपण पेटी घेऊन थांबलो. ज्या जागी माझी पणजी हातातून सुटली, त्या जागी. कोणी मान वळवून पाणी बघत नव्हतं. दोन स्टुलं मागवली, त्यांवर पेटी ठेवली. गायन सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आपण सगळी कडवी म्हटली. काही जणांना पुढची कडवी येत नव्हती, कारण आपण ती आजवर कधी म्हटलीच नव्हती. वाऱ्यावर आवाज मोठा होत गेला. होड्यांमधल्या माणसांना शब्द येत नव्हते, ते नुसता सूर धरत होते.

आणि धाकटे आजोबा साकवावरून चालत आले. सावकाश. त्यांना कुणी घाई केली नाही. त्यांनी झाकण काढायला लावलं, भावाचा चेहरा बघितला, गालाला हात लावला. मग कठड्यावरून खाली पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा, जिंकलास रे."

त्यानंतर साताऱ्याच्या दोन आजोबांनी सलामी दिली. मग आपण पुढे निघालो. पावणेबाराला माती दिली. पाणी अजून भरलेलंच होतं. लोक कबरीपाशी बसून राहिले. कुणीतरी तर जेवणाचा विषय काढला. आपल्या दफनभूमीत कुणी निवांत बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

आजोबा म्हणायचे की माणूस मेला की पलीकडे जातो, आणि पलीकडे आपली वाट बघणारा आहे. त्याविषयी त्यांना कधी शंका आली नाही. मला येते. मी चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलणार नाही. पण बुधवारी सकाळी, साकवाच्या मध्यावर, मला आली नाही.

पाळक साहेब, आता फलकावरचा तो ओहोटीचा रकाना पुसून टाकू या, एवढी माझी विनंती आहे. ज्याला जेव्हा जायचंय, ज्याच्या माणसांना जेव्हा जमतंय, तेव्हा जाऊ दे.

हवालदार शमुवेल साळवे, तुम्हाला तुमच्या नातीचा, तुमच्या मंडळीचा आणि खाडीच्या दोन्ही काठांचा सलाम.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. नंतर मंडपात चहा आहे. मी चहाला थांबणार नाही, राग मानू नका. साकवाचा उत्तरेकडचा कठडा खाऱ्या वाऱ्याने गंजलाय. काल मी तो खरवडून ठेवला. रेड ऑक्साइड रंगाचा डबा तिथेच ठेवून आलेय. ऊन आहे तोवर एक हात देऊन होईल. कुणी सोबत येऊ नका. ब्रश एकच आहे.